मेस्तियाहून उशगुली: एका दिवसाच्या मार्गदर्शित सहलीचे परीक्षण

जॉर्जियातील स्वानेती प्रांतात मेस्तियाहून उशगुलीला जाण्याचे दोन पर्याय पर्यटकापुढे असतात. मेस्तियाच्या मुख्य चौकात उभ्या असलेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांपैकी एकीत जागा घ्यायची, चालकाने उशगुलीत सोडले की ठरलेल्या वेळेपर्यंत आपले आपण हिंडायचे आणि त्याच गाडीने परत यायचे, हा पहिला. गाडी, इंग्रजी बोलणारा वाटाड्या, एका घरातले जेवण आणि संग्रहालयाचे प्रवेशशुल्क हे सगळे एकत्र धरून दिवसभराची सहल आधी नोंदवून ठेवायची, हा दुसरा. दुसरा पर्याय साहजिकच महाग पडतो. ते जादा पैसे सार्थकी लागतात का, हा प्रश्न जॉर्जियाला निघालेल्या अनेक मराठी कुटुंबांना पडत असल्याने या सहलीविषयी सविस्तर लिहीत आहे. माझे मत आरंभीच सांगतो. वाटाड्या स्वतः स्वान, म्हणजे स्वानेतीतलाच, असेल आणि गावात निदान चार तास मिळणार असतील, तर ही सहल अवश्य घ्यावी. यांपैकी एकाही गोष्टीची खात्री मिळत नसेल, तर चौकातली गाडीच बरी.

उशगुली हे एक गाव नसून एंगुरी नदीच्या उगमाजवळच्या मुर्कमेली, चाझाशी, च्विबियानी आणि झिबियानी या चार वाड्यांचे मिळून झालेले नाव आहे. या वाड्या समुद्रसपाटीपासून साधारण २,१०० मीटर उंचीवर आहेत आणि त्यांच्या माथ्यावर श्खारा हे जॉर्जियातील सर्वांत उंच शिखर, सुमारे ५,२०० मीटरचे, भिंतीसारखे उभे आहे. वर्षातले जवळपास सहा महिने येथे बर्फ असते आणि हिमवर्षाव जोराचा झाला की रस्ता बंद पडतो. कायम राहणारी कुटुंबे शंभराच्याही आत आहेत. तरीही युनेस्कोने १९९६ मध्ये 'अप्पर स्वानेती' या नावाने जागतिक वारसा यादीत जो भाग घेतला, त्याच्या केंद्रस्थानी यांतली चाझाशी ही वाडी आहे, कारण मध्ययुगीन मनोरे, दगडी घरे आणि देवळे इतक्या दाटीने आणि इतक्या मूळ स्वरूपात एका ठिकाणी क्वचितच उरली आहेत.

आमची सहल मेस्तियातील एका लहान संस्थेमार्फत नोंदवलेली होती. नोंदणीची पद्धत साधी होती, उत्तरे वेळेवर येत होती आणि काय मिळणार व काय मिळणार नाही हे बहुतांशी स्पष्ट लिहिलेले होते. गाडी जपानी बनावटीची जुनी डेलिका होती. स्वानेतीत जिकडेतिकडे हीच गाडी दिसते, कारण ती उंच आहे, चारही चाकांवर चालते आणि सात-आठ माणसे तिच्यात बसतात. गाडी स्वच्छ होती, सीटचे पट्टे शाबूत होते, आणि चालकाने संपूर्ण वाटेत एकदाही फोन हातात घेतला नाही. डोंगरातल्या रस्त्यावर या गोष्टीचे मोल फार आहे. वाटाड्या तिशीतला, मेस्तियाजवळच्याच एका खेड्यातला, उन्हाळ्यात पर्यटकांबरोबर आणि एरवी घरची गुरे व शेती पाहणारा होता. त्याचे इंग्रजी सफाईदार नव्हते. परंतु विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो थांबून, विचार करून देत असे आणि एखादी गोष्ट कोणी मोठ्यांनी सांगितलेली आहे की लिहून ठेवलेली आहे, हा भेद तो आपणहून सांगत असे.

मेस्तिया ते उशगुली हे अंतर पन्नास किलोमीटरच्याही आत आहे. पूर्वी ते कापायला तीन तास लागत. गेल्या काही वर्षांत रस्त्याचा बराच भाग काँक्रीटचा झाल्यामुळे आता दोन तासांच्या आसपास पोहोचता येते. अर्थात एंगुरीच्या घळीत दरडी कोसळतात, पावसानंतर माती रस्त्यावर येते आणि गुरे, डुकरे, घोडे वाटेतच बसलेले असतात, त्यामुळे कोणत्याही संस्थेने दिलेली वेळ अंदाजाचीच समजावी. ज्यांना वळणांच्या रस्त्याने मळमळते त्यांनी पुढची जागा आधीच मागून घ्यावी. जाताना उजवीकडे व डावीकडे आलटून पालटून दरी येत असल्याने 'कोणत्या बाजूला बसावे' या प्रश्नाला फारसा अर्थ नाही.

वाटेत दोन ठिकाणी थांबा होता. पहिला उग्विरी खिंडीत, जिथून आकाश मोकळे असेल तर तेत्नुल्दी हे ४,८५८ मीटरचे शिखर अगदी जवळ आल्यासारखे दिसते. दुसरा थांबा नदीकाठच्या एका खडकावर एकटाच उभा असलेल्या, 'प्रेमाचा मनोरा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी होता. पहिला थांबा योग्य, आवश्यक आणि पुरेसा छोटा होता. दुसरा मात्र अर्ध्या तासाच्या वर लांबला. त्या मनोऱ्याची दंतकथा गोड आहे, आत शिडीने चढताही येते, पण असेच मनोरे पुढे डझनांनी पाहायचे असताना आणि गावातला वेळ मोजका असताना इथे थांबणे मला पटले नाही. बहुतेक सगळ्या संस्था हा थांबा घेतात. नोंदवतानाच तो वगळण्याची विनंती करता येते आणि सोबतचे प्रवासी तयार असतील तर ती मान्यही होते, असे वाटाड्याने नंतर सांगितले.

गाडी शेवटचे वळण घेते तेव्हा चाझाशी समोर येते. काळ्या-करड्या पाटीच्या दगडाची घरे, पाटीच्याच फरशांची छपरे आणि त्यांच्यातून वर आलेले चौकोनी मनोरे असे तिचे रूप आहे. इथे आमच्या वाटाड्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. चौकातल्या बहुतेक गाड्या थेट वरच्या वाड्यांपर्यंत, म्हणजे उपाहारगृहे व मुक्कामाची घरे जिथे अधिक आहेत तिथवर जातात आणि माणसे तिथूनच श्खाराची छायाचित्रे काढून समाधान मानतात. त्याने आम्हांला चाझाशीच्या पायथ्याशी उतरवले, गाडी पुढे पाठवून दिली आणि सगळ्या वाड्या पायी ओलांडत वर नेले. त्यामुळे गावाची रचना पायांना कळली. कुठे गल्लीतून पाण्याचा ओहोळ जातो, कुठे दोन घरांमधून जेमतेम एक गाय जाईल एवढीच वाट उरते, कुठे पडलेल्या मनोऱ्याचे दगड नव्या कुंपणाला लागलेले आहेत, हे गाडीतून दिसले नसते.

स्वान मनोऱ्यांपैकी बहुतेक नवव्या ते तेराव्या शतकातले मानले जातात. उंची साधारण वीस ते पंचवीस मीटर, मजले चार-पाच, भिंती तळाशी फार जाड आणि वर निमुळत्या होत गेलेल्या. मनोरा गावाचा नसून एकेका कुटुंबाचा असे, ही गोष्ट बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. परकी टोळी आली, शेजारच्या घराण्याशी रक्ताचे वैर पेटले, किंवा वरून हिमकडा सुटण्याचे भय असले, तर घरातली माणसे मनोऱ्यात चढून शिडी वर ओढून घेत. म्हणूनच त्याचे दार जमिनीवर नसून कित्येक मनोऱ्यांत ते घराच्या वरच्या मजल्यावरून उघडते. एका मनोऱ्यात आम्हांला वरपर्यंत चढू दिले. प्रत्येक मजल्याच्या फळ्यांत एकच चौकोनी भोक आणि त्याला टेकवलेली हलणारी शिडी एवढीच सोय आहे. गुडघेदुखी असणाऱ्यांनी, तसेच उंचीची भीती वाटणाऱ्यांनी हा भाग सोडून द्यावा. खाली थांबल्याने काही मोठे हुकत नाही. लहान मुलांना मात्र एकटे चढू देऊ नये, कारण कठडा कुठेच नाही.

सहलीतला सर्वांत मोलाचा भाग मनोऱ्यात नव्हता, त्याला लागून असलेल्या घरात होता. स्वान घराच्या तळमजल्याला माचुबी म्हणतात. ती एकच प्रशस्त, जवळपास अंधारी खोली असते. मधोमध चूल, तिच्यावर छतापासून लोंबती ठेवलेली लाकडी चौकट आणि त्या चौकटीवर दगडी फरशी, जेणेकरून ठिणग्या वर जाऊन गवताला आग लागू नये. खोलीच्या कडेने कोरीव लाकडाचा दुमजली कठडा धावतो. त्याच्या खालच्या कमानींतून गुरांनी तोंड बाहेर काढून वैरण खायची आणि वरच्या फळ्यांवर माणसांनी झोपायचे. हिवाळ्यात गुरांच्या अंगाची ऊब वर येई आणि तीवर सगळे घर तग धरी. उन्हाळ्यात कुटुंब वरच्या मजल्यावर, दरबाझीत राहायला जाई. तीच जागा एरवी गवताच्या साठ्याची. मावळातल्या जुन्या घरांत गोठा घराच्या पोटातच असे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या रचनेचे तर्कशास्त्र चटकन उमगेल. पण इथे लाकडावरची कोरीव नक्षी इतकी देखणी आहे की ती केवळ गरजेपोटी उभी केलेली व्यवस्था वाटत नाही.

या खोलीत आम्ही पाऊण तास होतो आणि तो वेळ मला कमी पडला. वाटाड्याने कुटुंबप्रमुखाची कोरीव खुर्ची दाखवली, स्त्रियांनी कुठे बसायचे आणि पाहुण्याने कुठे हे सांगितले, आणि आपल्या आजीच्या घरी अशीच माचुबी होती, तिथे आपण लहानपणी गाईच्या डोक्यावरच्या फळीवर झोपलो होतो, हेही सांगितले. चौकातल्या गाडीने आलेली काही माणसे याच वेळी आत डोकावली, दोन छायाचित्रे काढली आणि 'आत काळोख आहे' असे म्हणून निघून गेली. त्यांचा दोष नव्हता. सांगणारे कोणी नसेल तर त्या खोलीत खरोखरच काळोखापलीकडे काही दिसत नाही. वाटाड्याचे जादा पैसे मला इथे पूर्णपणे वसूल झाल्यासारखे वाटले.

गावाचा इतिहास सांगतानाही त्याने भडकपणा टाळला. स्वानेतीच्या रक्तवैराच्या कहाण्या पर्यटकांना फार आवडतात आणि त्या चढवून सांगणारे वाटाडे पुष्कळ असावेत. याने एकच आख्यायिका सांगितली. अप्पर स्वानेतीच्याच पश्चिम भागातल्या दादेश्केलियानी या सरंजामी घराण्याला उशगुली आपल्या ताब्यात हवी होती. त्यांच्यातल्या पुता नावाच्या सरदाराला गावकऱ्यांनी मेजवानीला बोलावले, त्याच्यावर बंदूक रोखून ठेवली आणि चापाला लांब दोर बांधून तो प्रत्येक घरातल्या माणसाच्या हातात दिला, म्हणजे त्याच्या वधाची जबाबदारी कोणा एकाच्या वंशावर येऊ नये. गोष्ट सांगून झाल्यावर त्याने लगेच बजावले की ही ऐकीव कथा आहे. मात्र स्वानेतीचा हा वरचा भाग दीर्घकाळ कोणत्याही सरंजामदाराच्या सत्तेबाहेर राहिला आणि म्हणून 'स्वतंत्र स्वानेती' म्हणून ओळखला गेला, ही गोष्ट इतिहासाला धरून आहे, असेही तो म्हणाला. गावामागच्या टेकडीवरचे अवशेष तामार राणीच्या उन्हाळी गढीचे असल्याचे सांगतात. ११८४ ते १२१३ या काळात जॉर्जियावर राज्य केलेली ही राणी स्वानेतीच्या लोकस्मृतीत अजून जागी आहे, तेव्हा तिचे नाव प्रत्येक उंच अवशेषाला चिकटावे यात नवल नाही.

अलीकडचा इतिहास सांगताना तो थोडा अडखळला. १९८७ च्या हिवाळ्यात स्वानेतीत प्रचंड हिमकडे कोसळले, अनेक माणसे गेली आणि त्यानंतर पुष्कळ कुटुंबांना देशाच्या सखल भागात नेऊन वसवण्यात आले. उशगुलीलाही त्याचा मोठा तडाखा बसला होता. नंतर १९९० च्या दशकात सोव्हिएत संघ फुटल्यावरची अंदाधुंदी आली, वाटमारीमुळे बाहेरचे कोणी इकडे फिरकेनासे झाले. आज दिसणारी पर्यटकांची गर्दी, मुक्कामाची घरे आणि नवी पत्र्याची छपरे हे सारे त्यानंतरच्या फार थोड्या काळातले आहे. पडीक मनोरे आणि रंगीत पाट्या शेजारी शेजारी पाहून काहींना वाईट वाटते. गावातली माणसे पर्यटनामुळेच परतली किंवा टिकली, हे कळल्यावर माझे मत त्यांच्याहून वेगळे झाले. पाट्या जरा कमी असत्या तर बरे, एवढेच म्हणेन.

भाषेचा अनुभव या सहलीत अनपेक्षितपणे समृद्ध निघाला. स्वान भाषा जॉर्जियन भाषेच्याच कार्तवेली कुळातली आहे. परंतु ती या कुळातून फार प्राचीन काळी, काही हजार वर्षांपूर्वी वेगळी झाली, त्यामुळे राजधानी तिबिलिसीच्या माणसाला ती कळत नाही. शाळेत शिक्षण जॉर्जियनमध्ये होते, प्रार्थना जॉर्जियनमध्ये होते आणि स्वान घरात व गोठ्यात बोलली जाते. चाझाशीत मनोऱ्याशेजारी गवत रचत असलेल्या एका वृद्ध गृहस्थांशी आमचा वाटाड्या स्वानमध्ये बोलू लागला, तेव्हा त्या गृहस्थांनी हातातले दाताळे खाली ठेवले आणि आम्हा सगळ्यांना अंगणात बसायला सांगितले. आमच्या गटात तिबिलिसीहून आलेले एक जोडपे होते. त्यांनाही इंग्रजी भाषांतराचीच वाट पाहावी लागली. बैलांनी ओढायची लाकडी घसरगाडी, जी इथे उतारावरून गवत आणण्यासाठी उन्हाळ्यातही वापरतात, ती कशी जुंपतात हे त्या गृहस्थांनी दाखवले. ही भेट कार्यक्रमपत्रिकेत नव्हती आणि ती तिबिलिसीहून आणलेल्या वाटाड्याला घडवता आली नसती. म्हणूनच वाटाड्या स्वान असावा, असे मी आरंभी म्हटले.

सर्वांत वर, झिबियानीच्या पुढे, लामारियाचे छोटे देऊळ आहे. दहाव्या शतकाच्या आसपासचे हे चर्च कुंवारी मरियमेला वाहिलेले असले तरी लामारिया हे नाव स्वानांच्या ख्रिस्तपूर्व देवतेशीही जोडले जाते. आवाराला दगडी भिंत आहे आणि आत शिरताना वाकावे लागते. आतल्या भिंतींवरची चित्रे काजळीने व काळाने पुसट झाली आहेत, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबल्याशिवाय ती दिसत नाहीत. स्त्रियांनी डोके झाकण्यासाठी ओढणी किंवा रुमाल जवळ ठेवावा, पुरुषांनी आखूड चड्डीवर आत जाऊ नये. ही सूचना आम्हांला आदल्या दिवशीच संदेशाने आली होती, त्यामुळे कोणाचीच पंचाईत झाली नाही. बाहेर आले की श्खाराचा सगळा बर्फाळ कडा समोर असतो. आमच्या वेळी ढग होते आणि शिखर पूर्ण असे काही क्षणच दिसले. हवामानाची हमी कोणतीही संस्था देऊ शकत नाही आणि आमच्या संस्थेने ती दिलीही नव्हती, याची नोंद करणे न्याय्य होईल.

जेवण च्विबियानीतल्या एका घरात होते. शाकाहारी प्रवाशांना स्वानेतीत अडचण येते हा समज पूर्णतः खरा नाही. कुब्दारी ही येथली प्रसिद्ध भाकरी मांस भरलेली असते, ती टाळावी लागते. परंतु मक्याच्या पिठात चीज घालून भाजलेली च्विश्तारी आणि बटाटा व चीज घोटून केलेली, चमच्याने उचलली की तार धरणारी ताशमिजाबी हे दोन्ही पदार्थ निखळ शाकाहारी आणि पोटभरीचे आहेत. जोडीला काकडी-टोमॅटो, ताजे दही, आणि वर भुरभुरायला स्वान मीठ. लसूण, धने, शेपू, मिरची, झेंडूच्या पाकळ्या आणि मेथीच्या जातीची निळ्या फुलांची एक वनस्पती मिठात कुटून ते करतात. त्याचा वास मराठी जिभेला परका वाटत नाही. नोंदवताना शाकाहारी असल्याचे कळवले होते, आणि यजमानीणबाईंनी आमच्यासाठी च्विश्तारी वेगळ्या तव्यावर भाजली होती. असे करायला त्यांना कोणी सांगितले होते की त्यांनी स्वतःहून केले, हे विचारायचे राहून गेले, पण त्या काळजीने आम्ही सुखावलो.

आता तक्रारीकडे येतो. कार्यक्रमपत्रिकेत गावात 'सुमारे चार तास' असे लिहिलेले होते. प्रत्यक्षात निघायला झालेला उशीर, प्रेमाच्या मनोऱ्यापाशी गेलेला वेळ आणि जेवणाला लागलेला वेळ वजा जाता गाव पाहायला तीन तासही उरले नाहीत. चाझाशीतल्या मनोऱ्यात असलेले लहान संग्रहालय, जिथे जुने क्रूस आणि प्रतिमा ठेवलेल्या आहेत, ते आम्हांला घाईघाईने उरकावे लागले, आणि त्याचे शुल्क तर सहलीच्या रकमेत धरलेले होते. उशीर एका प्रवाशाच्या हॉटेलपाशी थांबावे लागल्याने झाला. प्रत्येकाला दारातून उचलण्याऐवजी सगळ्यांना चौकात एका ठराविक वेळी बोलावले तर हा प्रश्न सहज सुटेल. मेस्तिया एवढेसे गाव आहे की कोणालाही चौकापर्यंत चालत यायला दहा-पंधरा मिनिटांहून अधिक लागू नयेत. परतीची वेळ मात्र संस्थेने काटेकोर पाळली, म्हणजे उशिराचा सगळा भार गावातल्या वेळावर पडला. ज्या गोष्टीसाठी माणूस पैसे देतो तीच कापली जावी, हे योग्य नाही.

दुसरी बाब जाहिरातीची. 'युरोपातले सर्वांत उंचावरचे गाव' असे या सहलीच्या माहितीत ठळकपणे लिहिलेले असते. हा दावा खरा धरू नये. युरोपची सीमा कोठे मानायची हा वाद बाजूला ठेवला तरी जॉर्जियातच तुशेती प्रांतातले बोचोर्ना उशगुलीहून उंच आहे, आणि पलीकडे रशियाच्या दागेस्तानातले कुरुश त्याहूनही उंच. बारमाही वस्ती, गावाचा आकार असे निकष जोडत गेले तरी कुरुशपुढे दावा टिकत नाही, आणि उशगुलीला असल्या बिरुदाची गरजही नाही. आमच्या वाटाड्याने विचारल्यावर हे प्रांजळपणे मान्य केले. संस्थेनेही आपल्या माहितीतून ते वाक्य काढून टाकावे.

काही व्यवहार्य गोष्टी. पुरेशी रोख लारी, म्हणजे जॉर्जियाचे चलन, मेस्तियातूनच घेऊन निघावे, कारण घोडा, लोकरीचे मोजे, घरचा मध, स्वान मिठाची पुडी असे जे काही वर मिळते ते रोखीनेच घेणे सोपे जाते. गावातले कुत्रे आकाराने मोठे असले तरी रस्त्यावरचे बहुधा शांत असतात. गुरांच्या राखणीला ठेवलेल्या कुत्र्यांपासून मात्र दूर राहावे आणि कळप दिसला की वाटाड्याच्या मागे चालावे. जुलै-ऑगस्टमध्येही ढग आले की हवा झपाट्याने गार होते, तेव्हा वाऱ्याला अडवणारे जाकीट हवेच. शक्य असल्यास आदल्या दिवशी मेस्तियातले स्वानेतीचे इतिहास व मानववंशशास्त्र संग्रहालय पाहून घ्यावे. इ.स. ८९७ मधली आदिशीची हस्तलिखित शुभवर्तमाने तिथे आहेत. शत्रूच्या स्वाऱ्यांच्या काळात जॉर्जियाच्या सखल भागातला मौल्यवान ठेवा या डोंगरात सुरक्षित म्हणून आणून ठेवला जाई, हे तिथे समजले की उशगुलीच्या मनोऱ्यांकडे पाहण्याची नजर बदलते.

श्खाराच्या हिमनदीपर्यंतची चाल या एका दिवसाच्या सहलीत बसत नाही. गावापासून एंगुरीच्या काठाने जाणारी ही वाट फारशी चढाची नसली तरी जाऊन-येऊन पाच-सहा तास मागते, आणि तीन-चार तासांत ती 'घोड्यावरून उरकता येईल' असे कोणी सांगितले तर त्या मोहात पडू नये. हिमनदीही नीट होत नाही आणि गावही राहते. ज्यांना ती चाल करायची आहे त्यांनी सहल घेऊ नये, चौकातल्या गाडीने वर जावे आणि उशगुलीत एक रात्र राहावे. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे, बरोबर वडीलधारी माणसे आहेत आणि या घरांत माणसे कशी जगली हे ज्यांना जाणून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी मार्गदर्शित सहल हाच योग्य पर्याय. काळ जूनचा उत्तरार्ध ते सप्टेंबर अखेर असा धरावा. नोंदवताना वाटाड्या कोणत्या गावचा, गटात माणसे किती, प्रेमाच्या मनोऱ्याचा थांबा वगळता येईल का आणि गावातून निघण्याची वेळ काय, हे चारही प्रश्न विचारून उत्तरे लेखी घ्यावीत.